अजाईल बांधकामाला कोणता करार मानवतो?

प्रश्न असा आहे: "आमच्या कंपनीने बांधकाम प्रकल्प अजाईल पद्धतीने चालवायचं ठरवलं आहे. दोन-दोन आठवड्यांचं नियोजन, रोज सकाळची उभी बैठक, डिझाइन टप्प्याटप्प्याने पुढे नेणं, हे सगळं सुरू केलं. पण करार जुनाच आहे: एकरकमी किंमत, ठरलेला आवाका, उशीर झाला की दंड. माणसं बदलायला तयार असतात, करार अडवतो. या पद्धतीला साजेसा करार कोणता?"

मी करार लिहिणाऱ्यांच्या टेबलाशीही बसलो आहे आणि साईटवर त्याच करारातली कलमं निस्तरतही आलो आहे. म्हणून आधी मत सांगतो, कारणं मागाहून. कराराच्या नावाने फार फरक पडत नाही. फरक दोन गोष्टींनी पडतो. अडचण लवकर सांगणाऱ्याचा त्यात फायदा होतो की तोटा, ही पहिली. बदलाची किंमत काम करण्याआधी ठरते की काम उरकल्यावर भांडून ठरते, ही दुसरी. या दोन्हींची उत्तरं चुकली, तर रोजच्या उभ्या बैठकीत माणसं उभी राहतात आणि महत्त्वाचं काहीच बोलत नाहीत.

अजाईल म्हणजे बदल गृहीत धरून, छोट्या टप्प्यांत काम पुढे नेणं. बांधकामात ते कशाला म्हणायचं, हेही स्पष्ट असू द्या. 2001 साली सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. करारावरच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाबरोबरचं सहकार्य त्यांनी मोलाचं ठरवलं. त्यांच्या व्यवसायात ते शोभतं, कारण सकाळी लिहिलेला कोड संध्याकाळी पुसता येतो. पडलेला स्लॅब पुसता येत नाही. शिवाय आपल्या कामात माणसांचे जीव आहेत, विमा आहे, इमारत ताब्यात दिल्यानंतरही वर्षानुवर्षं टिकणारी जबाबदारी आहे. करार बाजूला सारून सहकार्य करू, असं म्हणणारा मालक पहिला मोठा क्लेम, म्हणजे जादा पैशांची किंवा वेळेची मागणी, आला की करारच उघडतो. म्हणून ते सहकार्य कलमांच्या भाषेत करारातच लिहावं लागतं.

अजाईलचा उपयोग होतो तो डिझाइनमध्ये, खरेदीत, सर्व्हिसेसच्या (वीज, पाणी, वातानुकूलन) जुळवणीत, आतल्या कामांत आणि आठवड्याच्या नियोजनात. पायलिंग (जमिनीत खोल घातलेले पायाचे खांब) आणि काँक्रीट यांच्या बाबतीत लवचिकपणा संपतो, आणि तो कुठे संपतो हे आधी माहीत असणं हाच अर्धा अजाईल.

आता एकरकमी करार इथे का गुदमरतो ते पाहू. तो करार वाईट नाही. ड्रॉइंग पूर्ण असतील, जमीन तपासलेली असेल, मालकाला काय हवं ते पक्कं असेल, तर तोच सगळ्यात सोपा आणि बहुतेक वेळा स्वस्तही. गोदाम, पार्किंग, एकाच नमुन्याच्या इमारतींची रांग अशा कामांना दुसरं काही शोधूही नका. पण आवाका हळूहळू उलगडणार असेल, तर एकरकमी किंमत म्हणजे अपूर्ण माहितीवर लावलेली पैज. कंत्राटदार ती पैज जिंकण्यासाठी निविदेत दर खाली ठेवतो आणि ड्रॉइंगमधल्या त्रुटी मनात टिपून ठेवतो. पुढे त्या त्रुटी हेच त्याचं उत्पन्न होतं.

एका रुग्णालयाच्या कामावर मी मालकाच्या बाजूने होतो. एमआरआय मशीन कोणतं घ्यायचं ते ठरायचं होतं. मशीन बदललं की खोलीचं माप, फरशीवरचा भार, भिंतींमधलं शिल्डिंग, थंडाव्याची सोय आणि मशीन आत न्यायची वाट, सगळंच बदलतं. पुरवठादाराचा इंजिनिअर साईट पाहून गेला होता. त्याच्याशी बोलताना कंत्राटदाराच्या सेक्शन इंजिनिअरला कळलं होतं की ड्रॉइंगमधला स्लॅब या मशीनला पुरणार नाही. तो गप्प राहिला. बोलला असता तर काम थांबलं असतं, थांबलेल्या दिवसांचे पैसे मिळाले नसते आणि उशिराचा दंड त्याच्याच कंपनीवर बसला असता. न बोलता मंजूर ड्रॉइंगप्रमाणे स्लॅब टाकला तर बिल पास होणार होतं. तोडायचा आदेश पुढे आलाच, तर त्याचा एक्स्ट्रा आयटम वेगळा. झालं तसंच. सहा आठवडे ब्रेकर चालले. आमच्याकडे रोज सकाळी उभी बैठक होत होती आणि तिच्यात हा विषय एकदाही निघाला नव्हता. त्या मुलाला मी तेव्हा खूप दोष दिला. आज वाटतं, आमच्या कराराने त्याला जे शिकवलं तेच त्याने केलं.

म्हणून तुमच्या करारात सगळ्यात आधी पूर्वसूचनेचं कलम हवं. या बाबतीत न्यू इंजिनिअरिंग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे एनईसी, हा करारनमुना नीट वाचण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये त्याची पहिली आवृत्ती 1993 ला आली, पुढच्याच वर्षी सर मायकेल लॅथम यांच्या बांधकाम उद्योगावरच्या अहवालाने त्याची शिफारस केली, आणि सध्याची एनईसी4 ही मालिका 2017 ची आहे. त्यात किंमत वाढवू शकेल, काम लांबवू शकेल किंवा तयार वस्तूची उपयुक्तता घटवू शकेल अशी कोणतीही गोष्ट लक्षात येताच कळवणं कंत्राटदार आणि मालकाच्या वतीने करार चालवणारा प्रकल्प व्यवस्थापक या दोघांनाही बंधनकारक आहे. दोघांनाही, हे महत्त्वाचं. मग त्यावर बैठक होते, कोण काय करणार ते ठरतं आणि नोंदवहीत उतरतं.

त्या कलमाला दातही आहेत. अनुभवी कंत्राटदाराला आधी कळवता आलं असतं आणि त्याने कळवलं नाही, तर त्या घटनेची भरपाई ठरवताना जणू सूचना वेळेवर दिली होती असं धरून हिशेब होतो. सूचना दिली असती तर जो खर्च वाचला असता, तो मग त्याच्याच खिशातून जातो. आमच्या त्या स्लॅबला हे कलम लागू असतं, तर गप्प राहणं हा तोट्याचा सौदा ठरला असता आणि बोलण्याला काहीच किंमत पडली नसती.

फिडिक, म्हणजे सल्लागार इंजिनिअरांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, याच्या करारांशी ताडून पाहा. त्यांच्या 1999 च्या रेड बुक या बांधकामाच्या करारनमुन्यात कंत्राटदाराला घटना कळल्यापासून 28 दिवसांत क्लेमची नोटीस द्यावी लागते, नाही तर हक्क बुडतो. ही मुदतही लवकर कळवण्यासाठीच आहे, पण तिचा साईटवरचा परिणाम वेगळा होतो. हक्क बुडू नये म्हणून कंत्राटदार प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवर नोटीस धाडतो, मालकाकडचा माणूस प्रत्येक नोटिशीला नकार देतो, आणि दोघांचं बोलणं वकिलांच्या भाषेत सुरू होतं. 2017 च्या आवृत्तीत फिडिकने आगाऊ सूचनेचं कलम घातलं, ते स्वागतार्ह आहे. मात्र सूचना दिली नाही तर काय, याचा स्पष्ट परिणाम त्या कलमात नाही. तुम्ही फिडिक वापरत असाल, तर विशेष अटींमध्ये तो परिणाम लिहून घ्या. सोबत एक ओळ आवर्जून घाला: पूर्वसूचना म्हणजे क्लेम नव्हे आणि चुकीची कबुलीही नव्हे. ही ओळ नसेल तर कंत्राटदाराचं मुख्यालय साईटवरच्या माणसाला सूचना देऊच देत नाही.

दुसरी गोष्ट बदलाच्या किमतीची. अजाईलमध्ये बदल होणार हे गृहीत आहे, म्हणजे करारात बदल हा अपवाद म्हणून लिहून चालणार नाही, तो रोजचा व्यवहार म्हणून लिहावा लागेल. एनईसीमध्ये बदलाचा आदेश किंवा मालकाच्या जोखमीतली घटना आली, की कंत्राटदाराने तीन आठवड्यांत खर्च आणि वेळ या दोन्हींचा अंदाज द्यायचा आणि प्रकल्प व्यवस्थापकाने दोन आठवड्यांत उत्तर द्यायचं. उत्तर आलंच नाही तर कंत्राटदार आठवण देतो. त्यानंतरही दोन आठवडे मौन राहिलं, तर अंदाज मान्य झाला असं धरतात. हा शेवटचा भाग मालकांना बोचतो, पण माझ्या मते संपूर्ण यंत्रणेचं इंजिन तोच आहे. मौनाची किंमत मौन धरणाऱ्याने द्यायची. आणि एकदा ठरलेली किंमत मागून उघडायची नाही, प्रत्यक्षात खर्च कमी पडो वा जास्त.

दोन आठवड्यांच्या चक्राला या मुदतीही सैल पडतात. म्हणून मी छोट्या बदलांसाठी वेगळी पायरी ठेवतो. ठरावीक मर्यादेखालचा बदल असेल, तर मालकाचा प्रतिनिधी, डिझाइनर आणि कंत्राटदाराचा साईट प्रमुख या तिघांनी आठवड्याच्या बैठकीत आधी ठरलेल्या दरपत्रकावरून किंमत लिहायची आणि तिथेच सह्या करायच्या. त्या मर्यादेपुढचे बदल मोठ्या वाटेने जातील. ही मर्यादा किती असावी ते प्रकल्पावर अवलंबून आहे, पण साईटवर येणाऱ्या बहुतेक किरकोळ बदलांचा निकाल तिच्या आत लागला पाहिजे.

आता पैशांची रचना. खरा पेच इथेच आहे, म्हणून थोडं थांबतो.

दोन टोकं आणि एक मधली वाट धरा. एकरकमी करारात खर्च वाढण्याची सगळी जोखीम कंत्राटदारावर. खर्चावर नफा देणाऱ्या करारात ती सगळी मालकावर. मधली वाट लक्ष्य-खर्चाची, एनईसीत तिला पर्याय सी म्हणतात. कंत्राटदाराला झालेला खरा खर्च आणि ठरलेली फी मिळत राहते. शेवटी तो आकडा लक्ष्याशी ताडतात आणि बचत किंवा तूट दोघांत वाटली जाते. लक्ष्य 100, वाटणी निम्मीनिम्मी आणि खर्च 92 झाला, तर 8 ची बचत. तिच्यातले 4 कंत्राटदाराला, म्हणजे मालकाने एकूण 96 दिले. खर्च 110 झाला तर 10 ची तूट, 5 कंत्राटदार सोसतो आणि मालक 105 देतो. गणित एवढंच आहे. माणसं कशी वागतात ते मात्र वाटणीच्या टक्क्यांवर ठरतं.

पुष्कळ मालक तूट एका मर्यादेपुढे सगळी कंत्राटदारावर टाकतात. कागदावर ते सुरक्षित दिसतं. पण काम मध्यावर असताना कंत्राटदाराला दिसलं की आपण ती मर्यादा ओलांडणार, तर त्या दिवसापासून त्याच्यासाठी हा एकरकमी करार होतो. पुढचं प्रत्येक सुचवलेलं डिझाइन तो बदल म्हणून मांडतो आणि लक्ष्य वर सरकवायला बघतो. उलट ठरावीक मर्यादेनंतर त्याचा तुटीतला वाटा शून्य ठेवला, तर तिथून पुढे खर्च आवरण्याची त्याला गरज राहत नाही. माझा कल असा: वाटणी दोन्ही बाजूंना दूरवर चालू राहावी, तूट फार वाढल्यावर कंत्राटदाराचा वाटा कमी व्हावा पण फी संपेपर्यंत संपू नये, आणि त्याची कमाल तूट त्याच्या फीएवढ्यावर थांबावी. फी गमावण्याची भीती त्याला जागं ठेवायला पुरते. कंपनी बुडण्याची भीती त्याला फक्त खोटं बोलायला लावते.

लक्ष्य-खर्चात सगळ्यात जास्त भांडण होतं ते एका प्रश्नावर: हे डिझाइन पुढे गेलं की बदललं? मालक म्हणतो, मला शस्त्रक्रियागृह हवं होतं, त्याला योग्य हवा खेळवणं ओघाने आलंच. कंत्राटदार म्हणतो, निविदेच्या ड्रॉइंगवर एवढी डक्ट नव्हती. प्रत्येक तपशिलाला बदल म्हटलं तर लक्ष्य फुगत जातं आणि करार खर्चावर नफा देणारा होऊन बसतो. एकही तपशील बदल मानला नाही, तर तो एकरकमीच झाला. यावर माझा उपाय असा की आवाका ड्रॉइंगमधून सांगण्याऐवजी इमारतीने काय करून दाखवायचं ते लिहायचं. किती माणसं, किती खोल्या, कोणत्या खोलीत तापमान आणि आवाज किती मर्यादेत, कोणत्या मजल्यावर किती भार, वीज गेली तर काय चालू राहायला हवं. या अपेक्षा पुऱ्या करण्यासाठी लागेल तो तपशील लक्ष्याच्या आतला. अपेक्षाच बदलली तर लक्ष्य हलेल. डिझाइन पुढे नेताना वाढणाऱ्या खर्चासाठी लक्ष्यात वेगळी, उघड दिसणारी रक्कम ठेवायची. ती कोणत्या बाबीवर किती उरली हे दर महिन्याला सगळ्यांनी एकत्र पाहायचं.

लक्ष्य केव्हा ठरवायचं, यावरही प्रकल्प तरतो किंवा बुडतो. संकल्पचित्रांवर ठरवलेलं लक्ष्य म्हणजे दोन्ही बाजूंचा अंदाजपंचे आकडा. मी दोन टप्प्यांनी जातो. पहिल्या टप्प्यात कंत्राटदार निवडायचा तो फी, माणसं, कामाची पद्धत आणि मुख्य कामांचे दर पाहून. त्याला डिझाइनच्या टेबलाशी बसवायचं आणि त्या वेळेचे पैसे द्यायचे. जमिनीची तपासणी झाली, मुख्य सांगाडा ठरला, मोठी यंत्रं निवडली, की मग उघड्या हिशेबावर लक्ष्य पक्कं करायचं. ते जमलं नाही तर दोघांनाही बाहेर पडण्याची वाट असावी आणि तोवरच्या डिझाइनचा वापर मालकाला करता यावा. ही बाहेरची वाट लिहिली नाही, तर दुसऱ्या टप्प्यात मालकाकडे घासाघीस करायला काही उरत नाही. एनईसी4 मध्ये कंत्राटदाराला असं लवकर बोलावण्यासाठी एक्स22 हा जोड पर्याय आहे.

उघडे हिशेब म्हणजे खरोखर उघडे. मजुरांची हजेरी, पुरवठादारांची बिलं, यंत्रांचे तास. कोणता खर्च अमान्य होईल ते आधीच लिहायचं: स्वतःच्या चुकीची दुरुस्ती किती प्रमाणात, साहित्याची नासधूस किती टक्क्यांपुढे. एक ताकीद. मालकाकडे हे हिशेब वाचणारा माणूस नसेल तर हा करार घेऊच नका.

आता मी आधी म्हटलं तो मुद्दा, लवचिकपणा कुठे संपतो. अजाईलवाले निर्णय शेवटच्या जबाबदार क्षणापर्यंत लांबवा म्हणतात. बांधकामात तो क्षण मोजता येतो. लिफ्टची ऑर्डर, दर्शनी काचकाम, स्विचगिअर, चिलर, प्रत्येकाला बनायला आणि यायला ठरावीक आठवडे लागतात. तारखेपासून मागे मोजलं की निर्णयाची शेवटची तारीख मिळते. या तारखांचा तक्ता मी कराराचं परिशिष्ट म्हणून जोडतो. मालकाने त्या तारखेआधी मत बदललं, तर फक्त किमतीतला फरक. तारखेनंतर बदललं, तर फरक, वाया गेलेलं काम आणि वेळ तिन्ही. कंत्राटदाराने आपल्या सोयीसाठी तारीख अलीकडे ओढू नये म्हणून प्रत्येक तारखेमागचे आठवडे पुरवठादाराच्या पत्राने सिद्ध करायचे. हा तक्ता सॉफ्टवेअरवाल्यांच्या बॅकलॉगचं, म्हणजे बाकी कामांच्या क्रमवार यादीचं, काम करतो. मालकाला महिन्याच्या सुरुवातीलाच कळतं की या महिन्यात कोणते सहा निर्णय पक्के होणार आहेत.

लवचिकपणा विकतही घेता येतो. भविष्यात मशीन कुठे येईल ठाऊक नसेल, तर त्या पट्ट्यातला स्लॅब थोडा जड भाराचा घ्या, स्लॅबमध्ये जादा कटआउट (मोकळी भोकं) ठेवून तात्पुरते झाका, केबल ट्रेमध्ये जागा राखा. त्याचा खर्च वेगळा दाखवून मालकाला विचारा: एवढे पैसे देऊन तुम्हाला निर्णयासाठी पाच महिने जास्त मिळतात, हवेत का? कधी हो म्हणतात, कधी नाही. दोन्ही उत्तरं चांगली, कारण विचार करून दिलेली असतात. त्या रुग्णालयात हा प्रश्न मी विचारला नव्हता.

नियोजनाचं कलम. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी उभी केलेली लास्ट प्लॅनर पद्धत बांधकामातल्या अजाईलच्या सगळ्यात जवळची आहे. पुढचे सहा-आठ आठवडे पाहून कामांतले अडथळे काढायचे, आठवड्याचं काम प्रत्यक्ष करणाऱ्या फोरमननेच कबूल करायचं, आणि कबूल केलेल्यांपैकी किती पूर्ण झालं ते टक्क्यांत मोजायचं. त्यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा आठवड्याच्या योजनेतली जेमतेम निम्मी कामं वेळेवर होताना दिसली. करारात या पद्धतीचा उल्लेख जरूर करा: बैठकांना सगळ्या उपकंत्राटदारांची हजेरी, अडथळ्यांची नोंद, मालकाच्या बाजूने निर्णय देणारा माणूस तिथे हजर. मात्र त्या टक्क्याला बिल, बोनस किंवा दंड कधीही जोडू नका. जोडला की फोरमन तेवढंच कबूल करतो जेवढं झोपेतही होईल. टक्का 95 वर जातो आणि काम मागे राहतं. हे मी एका कामावर करून पाहिलं आहे आणि चार महिने वाया घालवले आहेत.

नियोजनाला पैशाचा जोर द्यायचाच असेल तर एनईसीची रीत बरी: करारात पहिला कार्यक्रम ठरलेला नसेल, तर कंत्राटदार कराराला हवी ती माहिती असलेला कार्यक्रम सादर करेपर्यंत झालेल्या कामाच्या रकमेतला एक चतुर्थांश भाग रोखून धरतात. आळस करणाऱ्याला हे लगेच समजतं, आणि त्यात फसवायला जागा कमी.

याच्या पुढची पायरी बहुपक्षीय कराराची. मालक, डिझाइनर, मुख्य कंत्राटदार आणि मोठे उपकंत्राटदार एकाच करारावर सही करतात, नफा-तोटा एकत्र, आणि बहुतेक निर्णय एकमताने. उत्तर समुद्रातल्या अँड्र्यू तेलक्षेत्राचं काम बीपी ही तेल कंपनी आणि तिच्या कंत्राटदारांनी नव्वदच्या दशकात अशा युतीने लक्ष्यापेक्षा कमी खर्चात आणि सहा महिने लवकर केलं. ऑस्ट्रेलियात ही पद्धत रुजली. 2001 ला उघडलेलं कॅनबेरातलं राष्ट्रीय संग्रहालय युती-करारावर बांधलं होतं. अमेरिकेत 2007 चा कन्सेन्ससडॉक्स 300 हा याच घराण्यातला नमुना. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या पाचव्या टर्मिनलसाठी बीएए या मालक कंपनीने वेगळाच करार लिहिला: जोखीम मालकाची, विमा एकच सगळ्यांसाठी, पुरवठादारांना खरा खर्च आणि चांगल्या कामासाठी प्रोत्साहनाची रक्कम. टर्मिनल 2008 मध्ये ठरलेल्या दिवशी उघडलं. उघडण्याच्या दिवशी सामानाच्या व्यवस्थेचा गोंधळ झाला, हेही सगळ्यांना आठवतं. पण तिथे टर्मिनल चालवण्याची तयारी कमी पडली होती. बांधकामाचा करार त्याला कारण नव्हता.

असे करार मोहात पाडतात, म्हणून सावध करतो. ते उभे करायला महिने लागतात. डिझाइनरचा व्यावसायिक विमा परस्परांवर दावा न करण्याच्या कलमाशी जुळत नाही, त्यासाठी विमा कंपनीशी आधीच बोलावं लागतं. आणि मालक स्वतः तयारीचा हवा. काम मोठं, जोखमीचं आणि खरोखर अनिश्चित असेल तरच हा खटाटोप परवडतो. मध्यम इमारतीला लक्ष्य-खर्च पुरे.

उपकंत्राटदारांचा विषय लोक विसरतात. वर लक्ष्य-खर्च, पूर्वसूचना, सहकार्य, आणि खाली फॉल्स सीलिंगवाल्याला एकरकमी दर, तीस टक्के कमी करून, उशिराला दंड. बदलाचा मार बसतो तो याच माणसाला, कारण शेवटची कामं त्याची. निदान सर्व्हिसेस, दर्शनी काम आणि आतली कामं यांच्या उपकरारांत पूर्वसूचनेचं कलम, बदलाच्या मुदती आणि बचतीतला वाटा खाली उतरलाच पाहिजे. मुख्य करारात तशी अट घाला आणि उपकरार तपासा.

मालकाच्या बाजूचंही एक कलम लिहा, त्याला मालकाचे वकील आधी नकार देतील. साईटवर हजर असणाऱ्या प्रतिनिधीला किती रकमेपर्यंत निर्णयाचा अधिकार आहे आणि त्यापुढचा निर्णय किती दिवसांत येईल, हे आकड्यांत. ज्या कामांवर अजाईल कोसळताना पाहिलं, तिथे बहुतेक वेळा कारण हेच होतं: बैठकीत बसलेल्या माणसाला हो म्हणायचा अधिकारच नव्हता.

आणि तयार करारनमुना घेतलात तर त्याच्या शेवटी आपल्या जादा अटींची रांग लावू नका. एनईसीत त्यांना झेड कलमं म्हणतात. चाळीस पानांच्या झेड कलमांनी पूर्वसूचना क्लेमच्या मुदतीत बदललेली आणि मान्य धरण्याचं कलम खोडलेलं मी पाहिलं आहे. त्या करारावर एनईसीचं नाव होतं, आत मात्र जुनाच एकरकमी करार बसलेला होता.

राहिला तुमच्या हातातला चालू करार. तो मोडू नका. दोन्ही बाजूंच्या सहीचा एक छोटा पूरक करार करा. त्यात चारच गोष्टी: पूर्वसूचना आणि तिला क्लेमपासून संरक्षण; छोट्या बदलांची आठवड्याच्या बैठकीतली किंमत; निर्णयांच्या शेवटच्या तारखांचा तक्ता; आणि अजून न ठरलेल्या कामांपैकी एखादा भाग, समजा आतलं सगळं फिनिशिंग, एकरकमी किमतीतून काढून लक्ष्य-खर्चावर. कंत्राटदार बिचकेल. म्हणेल, पूर्वसूचना दिली की तुम्ही तीच आमच्याविरुद्ध वापराल.

त्यावर मी एका कामावर असं केलं होतं. पूरक करार झाल्यानंतरची पहिली पूर्वसूचना मालकाच्या बाजूने, आमच्याविरुद्ध जाणारी, लिहिली: आमच्या आर्किटेक्टकडून जिन्याची ड्रॉइंग तीन आठवडे उशिरा येणार आहेत, त्याची भरपाई आमच्याकडे लागते. बैठकीत वाचून दाखवली, नोंदवहीत चढवली, किंमत त्याच आठवड्यात ठरवून दिली. पुढच्या सोमवारी कंत्राटदाराच्या साईट प्रमुखाने चार पूर्वसूचना आणल्या. त्यातली एक बेसमेंटच्या वॉटरप्रूफिंगची होती, आणि बॅकफिलिंग, म्हणजे भिंतीबाहेर माती भरून ते काम झाकणं, सुरू व्हायला अजून नऊ दिवस होते.